सोबतिणीचा कागद

“बावीस कागद वाटले होते, एकवीस निकालात निघाले,” सिस्टर म्हणाल्या. “एकवीस मुली रुळल्या. तुझीच तेवढी राहिली.”

“जरा बुजरी आहे, सिस्टर.”

“बुजरी? काल माझ्या डोळ्यांदेखत दोन-दोन पायऱ्या गाळून जिना उतरत होती.”

सिस्टरांनी चष्मा नाकावर नीट बसवून कागद पुन्हा वाचला. वाचण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. तीनच प्रश्न. मुलीला आपले वर्ग सापडतात का? शिक्षकांची नावं येतात का? मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर जेवते? पहिल्या दोन प्रश्नांपुढे वळणदार अक्षरात ‘हो’ लिहिलेलं होतं. तिसऱ्यापुढे लिहिलेलं होतं, ‘सोबतिणीबरोबर.’

ही पद्धत सिस्टरांनीच पाडलेली. लहान लहान शाळांतून नव्या मुली या तीन इमारतींच्या हायस्कुलात यायच्या आणि पहिले काही दिवस बावरून जायच्या. म्हणून प्रत्येकीला शेवटच्या वर्षाची एक मुलगी सोबतीण म्हणून मिळायची, चार आठवड्यांसाठी. सोबतिणीच्या खांद्यावर निळी फीत. मूल रुळलं की नाही हे वर्गात कळत नाही, डब्यावर कळतं, असं सिस्टरांचं ठाम मत होतं. त्यामुळे सोबतिणीनं भरायच्या या कागदावर तिसऱ्या प्रश्नापुढे दुसऱ्या कोणाचं नाव येईपर्यंत सोबतिणीची सुटका नसे. दर वेळी दोन आठवडे वाढत.

“ही दुसरी वाढ,” सिस्टर सही करत म्हणाल्या. “बोट धरायचं ते सोडण्यासाठी. लक्षात आहे ना?”

“हो, सिस्टर,” नियमावली म्हणाली.

नियमावली हे काही तिचं खरं नाव नव्हे, ते वर्गानं ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी परीक्षेत घंटा झाल्यावरही लिहीत बसलेल्या एका मुलीला तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “घंटेनंतरचं तपासत नाहीत. पान तीन, नियम सात.” ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच कोणी विसरलं नाही. तेव्हापासून कुठला अर्ज कुठे द्यायचा, कुठली तारीख शेवटची, हे विचारायला सगळ्या तिच्याकडे येत. उत्तर मिळालं की गरज सरो आणि वैद्य मरो.

तिची एक मैत्रीण होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. त्यानंतर नियमावलीनं जेवणाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. शाळेच्या चॅपलच्या मागे मेणबत्त्या आणि कापडं ठेवायची एक खोली होती; साफसफाईसाठी म्हणून तिची किल्ली नियमावलीकडे असे. तिथे उभ्या उभ्या ती चार मिनिटांत डबा संपवायची आणि घंटा होईपर्यंत मेणबत्तीच्या घरांवर सांडलेलं मेण खरवडत राहायची. हातात काम असलं की माणूस एकटं दिसत नाही. शाळेनं यातून भलताच निष्कर्ष काढला होता, की ही मुलगी पुढे व्रत घेऊन सिस्टर होणार. एका सिस्टरांनी तर तिला संतचरित्राचं पुस्तकही भेट दिलं. तिनं ते मुकाट्यानं घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग तिच्या वाट्याला बारकी आली.

पहिल्या दिवशी बारकी मधल्या इमारतीच्या जिन्याखाली वेळापत्रक उलटं धरून उभी होती. पुढची दोन वर्षं पुरेल म्हणून घेतलेल्या कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्याही खाली येत होत्या. दोनदा ती चुकून मोठ्या मुलींच्या प्रयोगशाळेत शिरली होती आणि दोन्ही वेळा हसं झालं होतं.

“मला घरी जायचंय,” ती म्हणाली, “पण दार कुठंय तेसुद्धा माहीत नाही.”

नियमावलीनं तिला दार दाखवलं. मग वर्ग, पाण्याचे नळ, कुठल्या बाई आवाज चढवतात आणि कुठल्या नुसत्या बघतात, हेही सांगितलं. दुपारी दोघी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर जेवायला बसल्या. तिथे ऊन यायचं. बारकीच्या तोंडाची खीळ एकदा निघाली की निघाली. तिच्या आधीच्या शाळेत सगळी मिळून चाळीस मुलं होती. तिचे आजोबा ठार बहिरे होते, त्यामुळे तिच्या घरी सगळेच ओरडून बोलत. आणि घास चावता चावताही ती काहीतरी गुणगुणत असे. पहिल्या आठवड्यात ती ‘ताई, तुम्ही’ म्हणायची, तिसऱ्यात नकळत ‘ताई, तू’ झालं. ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी नियमावलीला सुट्टी संपल्याची घंटाही ऐकू आली नाही.

“आई, उद्यापासून दोन अंडी दे,” तिनं घरी सांगितलं. आई दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी हात दुखत म्हणून फारसं बोलायची नाही. तिनं का म्हणून विचारलं नाही. पण सकाळी डबा भरताना ती हसत होती, हे नियमावलीनं पाहिलं.

त्याच तिसऱ्या आठवड्यात बारकीच्या वर्गातल्या दोन मुली पायऱ्यांपाशी आल्या. एक जाड चष्म्याची, दुसरी तिची मावसबहीण.

“आम्ही कॉयरमध्ये नाव दिलंय,” चष्मेवाली म्हणाली. चॅपलमध्ये मिस्साच्या उपासनेच्या वेळी गाणाऱ्या मुलींचा तो वृंद. “मधल्या सुट्टीत सराव असतो. तिकडेच जेवतो सगळ्या. तू येतेस का? तू वर्गात सारखी गुणगुणत असतेस.”

“ताईला विचारते,” बारकी म्हणाली. त्या गेल्यावर तिनं विचारलंच. “ताई, जाऊ का मी?”

नियमावलीनं डब्यांकडे पाहिलं. पायऱ्यांवरचं ऊन, समोर उघडलेले दोन डबे, आणि उद्यापासून पुन्हा ते मेण. एरवी नाकासमोर चालणारी ही मुलगी, पण त्या क्षणी तिच्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, “आता नाही घेणार. नावं दुसऱ्या आठवड्यातच बंद होतात. पान नऊ.”

पान नऊवर, प्रयोगशाळेत केस बांधून यावे, एवढंच लिहिलेलं होतं. पण नियमावली नियम सांगते म्हटल्यावर पान उघडून बघणार कोण? बारकीनं मान डोलावली, एक सुस्कारा सोडला आणि डब्यातलं सफरचंद अर्धं करून ताईला दिलं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी कागदावर ‘सोबतिणीबरोबर’ आलं आणि सहाव्याच्या शेवटीही आलं.

दुसऱ्या वाढीनंतरच्या गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेला संगीताचे सर उभे राहिले. “कॉयरमध्ये आवाज कमी पडतायत,” ते म्हणाले. “नाव कधीही देता येतं, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कोणी ऐकत नाही.” मुली हसल्या. नव्या मुलींच्या रांगेतून एक लांब बाह्यांचा कोट मागे वळला. नियमावलीनं नजर खाली घातली.

दुपारी बारकीनंच विषय काढला. “ताई, तुला माहीत नव्हतं ना? नियम बदलला असेल.”

आयता दोर हातात आला होता. नियमावलीनं तो धरला. “हो. बदलला असेल.”

“पण आता काही उपयोग नाही,” बारकी म्हणाली. “मी येत नाही म्हटलं ना, तर त्यांना वाटलं मी शिष्ट आहे. वर्गात कोणी बोलत नाही माझ्याशी. घरी नाही सांगितलं मी. आजोबांना ओरडून सांगावं लागतं, मग सगळ्या गल्लीला कळतं.” हे सांगताना ती हसली. त्या दिवशी ती गुणगुणली नाही.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला शुक्रवार. पहिल्या शुक्रवारी फादर यायचे आणि ज्यांना पापाची कबुली द्यायची त्या मुली चॅपलच्या भिंतीला टेकून रांगेत उभ्या राहायच्या. नियमावली चुकवलेला एखादा तास आणि आईला दिलेलं उलट उत्तर असल्या किरकोळ गोष्टी घेऊन दर महिन्याला जात असे. या वेळी जाळीपलीकडे फादरांचा कान दिसला.

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली.

“कोणाशी?”

“एका लहान मुलीशी. दोनदा.”

“कशासाठी?”

मागच्या मुलीनं खोकून आठवण करून दिली.

“माझ्याबरोबर जेवायला कोणी नव्हतं, फादर.”

फादर म्हणाले, “तीन प्रार्थना म्हण. आणि तिला खरं सांग.”

“तुम्हाला सांगितलं की. देवाला सांगितलं.”

“देवाचं मी बघतो, बाळा. तिचं तुलाच बघावं लागेल.”

देवाकडे हिशेब मिटला की बारकीकडचा आपोआप मिटेल अशी तिला आशा होती. तीन प्रार्थना तिनं तिथेच गुडघ्यांवर बसून म्हटल्या, त्याला काही वेळ लागला नाही. शनिवार आणि रविवार मात्र जाता जाईनात.

सोमवारी पायऱ्यांवर बारकी अंडं सोलत होती.

“नियम बदलला नव्हता,” नियमावली म्हणाली. “तसा नियमच नाही.”

“मग पान नऊ?”

“पान नऊवर केस बांधायचं लिहिलंय.”

बारकीनं अंडं डब्यात ठेवलं. “तू चुकलीस?”

“नाही. मुद्दाम सांगितलं. तू गेली असतीस तर मी इथे एकटी राहिले असते. त्या मुली तुझ्याशी बोलत नाहीत ते माझ्यामुळे. आणि गुरुवारीही मी पुन्हा खोटंच बोलले.”

बारकी रडेल, चिडेल, उठून जाईल, या सगळ्याची तिनं दोन दिवस तयारी केली होती. बारकीनं यातलं काही केलं नाही. ती नखानं कवचाचे तुकडे एका बाजूला सारत राहिली.

“पण मी तुम्हालाही बोलावलं असतं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, आपण दोघी जाऊ.”

याची तयारी नियमावलीनं केलेली नव्हती. सात आठवड्यांत हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आणि ‘तुम्ही’ परत आलेलं तिनं ऐकलं, पण त्याबद्दल बोलायला आता तोंड नव्हतं. तिनं दोन्ही डबे बंद केले. “चल,” ती म्हणाली.

संगीताच्या खोलीत वीस-पंचवीस मुली मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या. त्यांत तिच्या वर्गातल्याही चौघी होत्या. नियमावली दारात उभी राहिली आणि चष्मेवालीला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ही शिष्ट नाही. हिला यायचंच होतं. नावं बंद झाली असं मीच खोटं सांगितलं होतं.”

मागून कोणीतरी म्हणालं, “नियमावली आणि खोटं?” आणि हशा पिकला. तिला तो सगळा ऐकून घ्यावा लागला, कारण बारकी अजून तिच्याशेजारीच उभी होती. चष्मेवालीनं आधी बारकीकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि बाजूला सरकून बाकावर जागा केली. बारकी आत गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. खोलीचं दार कोणीतरी आतून लावून घेतलं.

शुक्रवारी नियमावलीनं कागद सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या प्रश्नापुढे दोन नावं होती, चष्मेवालीचं आणि तिच्या मावसबहिणीचं. तोवर झालेला प्रकार शाळाभर पसरला होता, सिस्टरांच्या कानावर गेला नसेल असं शक्य नव्हतं. तिनं खांद्यावरची निळी फीत सोडून कागदाशेजारी ठेवली. “मी याला लायक नव्हते,” ती म्हणाली. “जी शिक्षा असेल ती द्या.”

सिस्टरांनी कागद खणात टाकला. “लायक-नालायक मी ठरवीन. चूक माझीही आहे. दोन वर्षं तू चॅपलमागे मेण खरवडत होतीस आणि मी समजत होते, भक्ती आहे.” त्यांनी चष्मा काढला. “त्या खोलीची किल्ली दे.”

“सिस्टर, तिथलं काम...”

“ते दुसरं कोणीतरी करील. तू हॉलमध्ये जेव.”

“हॉलमध्ये कोणाबरोबर?”

“ते मला सांगता येत नाही,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “पण हॉलमध्ये जेव.”

सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली. जेवणाच्या हॉलमध्ये गोल टेबलं होती आणि प्रत्येकाभोवती सहा खुर्च्या. भिंतीकडेचं एक टेबल अख्खं रिकामं होतं, पण तिकडे तोंड करून बसलं की हॉलकडे पाठ होत होती. नियमावली मधल्या एका रिकाम्या टेबलापाशी बसली. दोन वर्षांत ती विसरूनच गेली होती की इथे किती गलका असतो. तिनं डबा काढला. डब्यात दोन अंडी होती. आईला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

दोन मुली हसत हसत टेबलाशी आल्या. तिच्याच वर्गातल्या. एकीनं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“इथं कोणी बसणार आहे का?”

नियमावलीनं डबा आपल्याकडे ओढून समोर जागा केली. “नाही,” ती म्हणाली. “कोणी नाही.”

“थँक्यू,” म्हणून त्या मुलीनं खुर्ची उचलली आणि पलीकडच्या टेबलाकडे नेली. तिथे आधीच सहा जणी होत्या. दुसरीनं आणखी एक नेली.

टेबलाभोवती चार खुर्च्या उरल्या, एकीवर ती. हॉलचं दार तिथून सरळ दिसत होतं आणि घंटेला अजून वीस मिनिटं होती. नियमावलीनं डबा पुन्हा टेबलाच्या मधोमध सरकवला, रुमाल मांडीवर पसरला, आणि अंडं सोलायला घेतलं, सावकाश.