शेवटच्याचा गूळ

मी रुळाचा तुकडा बोलतोय. धर्माबादच्या एका मिरची कांडपाच्या कारखान्यात, अंगणातल्या कडुलिंबाला तारेनं टांगलेला. मीटरगेज होतं तोवर माझ्या अंगावरून गाड्या धडधडत गेल्या. ब्रॉडगेज आलं आणि आम्ही भंगारात निघालो. तिथून गुरुपादप्पांनी मला उचललं, दगडानं वाजवून पाहिलं, आवाज पटला तसा घेऊन आले.

गुरुपादप्पा म्हणजे कारखान्याचे मालक. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. शाळा बेताचीच, पण पोत्यात हात घातला की मिरची कुठल्या शिवारातली ते सांगतील असा माणूस. त्यांनी एक हेरलं होतं. सकाळच्या पोत्यात तिखट एकसारखं, अन् दुपारकडच्या पोत्यात देठ सापडतात, शिवणही वाकडी.

"मशीन तापलं की आपण बंद करतो," ते मुकादम शेषेरावांना म्हणाले, "माणूस तापला की चालूच ठेवतो. हा कुठला धंदा?"

तेव्हापासून शेषेराव हातोडीनं माझ्यावर टोल द्यायचे. टोल पडला की सगळी मशीनं एकदम बंद. बायामाणसं डोळे धुऊन सावलीला यायची आणि आप्पा स्वतः गूळ फोडून हातावर ठेवायचे. नियम एकच: शेवटच्याच्या हातात गूळ पडेपर्यंत कुणी तोंडात टाकायचा नाही. त्यामुळं कामाच्या हावरेपणानं कुणी आत राहिलं, तर बाकीचेच त्याच्या नावानं ओरडायचे.

एकदा हैदराबादचे एक शेठ ट्रक उभा करून घाई करत होते. आप्पांनी त्यांच्याही हातावर गूळ ठेवला आणि थांबवलं, कारण सिंधूचे डोळे धुऊन व्हायचे होते. सिंधू मशीनच्या तोंडात मिरची ढकलायची. जिभेनंही तशीच तिखट. सावकाश पदराला तोंड पुसत आली न् म्हणाली, "खावा आता शेठ. मिरचीवाल्याच्या दारात तोंड गोड झालं म्हनून घरी सांगा." शेठ हसले, आणि पुढच्या हंगामात गूळ खायला आपणहून थांबले.

आप्पा गेले. मुलगा विरूपाक्ष पुण्याहून शिकून आला. पोरगा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? त्याला वाटलं, सगळ्यांना एकदम थांबवायचं म्हणजे मशीनं गार पडणार, पुन्हा वेग धरायला वेळ जाणार. त्यापेक्षा ज्याला दमल्यासारखं वाटेल त्यानं वाटेल तेव्हा उठावं. कुणाला अडवायचं नाही.

शेषेराव म्हणाले, "मालक, तसं कुनी उठनार न्हाई."

"का नाही? ही काय पंगत आहे का, मामा?"

"पंगतच हाय की."

विरूपाक्ष हसला. टोल बंद झाला, मी मुका झालो.

शेषेरावांचंच खरं ठरलं. आमच्याकडं चार लोक जेवत असताना पानावरून आधी उठणं म्हणजे त्यांचा अपमान. मिरचीपुढंही तसंच झालं. शेजारी काम करणारी आरती सिंधूला म्हणायची, मावशी, आधी तुमी उठा. सिंधू म्हणायची, तू लेकरू हाईस, तू जा. दोघीही बसून. काचेच्या खोलीतून विरूपाक्ष बघायचा आणि खूश व्हायचा, की आपल्या लोकांना सुट्टी लागतच नाही.

चैत्रातलं ऊन होतं. पत्रे तापलेले, तिखट हवेत तरंगत होतं. दारातून सिंधूनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला बोलता येत नाही, मला कुणी तरी मारावं लागतं. एका हातानं तिनं पदर डोळ्याला लावला. दुसरा हात सवयीनं मिरची ढकलत राहिला, आणि आत गेला.

किंकाळी मशीनच्या घरघरीत विरली. आरतीला रंगावरूनही आधी कळलं नाही. तिखट लालच असतं.

विरूपाक्ष धावत आला. "मामा, टोल द्या, टोल!" शेषेरावांनी जीव खाऊन हातोडी मारली. पण निम्मे लोक नवे, त्यांनी मला कधी ऐकलेलंच नव्हतं. जुने एकमेकांकडं बघत राहिले, आधी कोण उठतंय म्हणून.

सिंधूचा उजवा हात मनगटापासून गेला.

आता टोल पुन्हा वेळच्या वेळी पडतो. विरूपाक्षनं ते काम सिंधूलाच दिलंय. डाव्या हातानं मारते, घाव तिरका बसतो, आवाज फाटका निघतो. मशीनं बंद होतात. विरूपाक्ष बापासारखा गूळ फोडतो, एकेकाच्या हातावर ठेवत शेवटी तिच्यापाशी येतो. ती डावा हात पदरात घेते.

"डाव्या हातानं गूळ घेत न्हाईत, मालक. तुमी खावा समदे."

कुणी खात नाही. आप्पांचा नियम कुणी मोडला नाही, विरूपाक्षनंही नाही. गूळ हातात घेऊन सगळे उभे राहतात. उन्हानं तो पाघळतो, बोटांना चिकटतो. मग कामाला लागायचा टोल तीच देते. जाताना लोक गूळ माझ्याखाली ठेवून जातात, मुंग्यांना.

तुमच्या हाताखाली चार माणसं राबत असतील, तर त्यांच्यातलं कुणी आधी उठेल याची वाट बघू नका. आणि सिंधू, तुला रोज सांगतो, पण तू मारतेस तेवढाच माझा आवाज. डावा तर डावा, हात पुढं कर बाई. सगळे थांबलेत.