तोंड मातीकडे की फरशीकडे?

एका सकाळी सव्वासात वाजता प्लंबरने मला बसवलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा नुसता गोंधळ झालाय. मी गच्चीच्या पाइपाचा बेंड, म्हणजे खालच्या टोकाचा वाकडा तुकडा, बोलतोय. वरून आलेलं पावसाचं पाणी खाली सोडायचं, एवढंच माझं काम. डाव्या हाताला मातीचा पट्टा आहे, उजव्या हाताला फरशी. मातीत पडलं की पाणी मुरतं. फरशीवर पडलं की पळतं, थेट गल्लीतल्या गटारात.

"तोंड कुणीकडे करू?" प्लंबरने विचारलं.

"मातीकडे," तळमजल्यावरची ताई म्हणाली. कडेवर तिचं रांगतं बाळ.

"फरशीकडे!" वरच्या मजल्यावरून मावशी ओरडल्या. "चिखल कोण तुडवणार? तुझं पोर?"

"आधी तुमचं ठरू द्या," म्हणत प्लंबर गेला तो गेलाच. मला पक्कं कुणी केलंच नाही. मग काय, ताईने डावीकडे फिरवावं, मावशींनी उजवीकडे. मी कुणाचं ऐकू?

एकदा नगरपालिकेच्या ऑफिसातले साहेब आले. गल्लीचं गटार नवं बांधायचं होतं.

"पाऊस आधी या कॉम्प्युटरात पाडून बघतो," ते म्हणाले. "मग कळतं, गटार केवढं हवं."

"मग कपडे वाळत घालायचे की नाही, तेही सांगेल का तो?" ताईने विचारलं.

साहेब हसले. "तुमच्या गच्चीचं पाणी जातं कुठे?"

तेव्हा माझं तोंड डावीकडे होतं. "मातीत," ताई म्हणाली. ती खोटं बोलली नाही. पण ते खरं तरी होतं का? मला अजून समजत नाही. घरोघरी असंच विचारून साहेब गेले. बरंचसं पाणी मुरणार, या हिशेबाने गटार बेताचंच झालं.

ते गेले आणि मावशींनी मला फरशीकडे वळवलं. गल्लीतल्या बाकीच्या बेंडांचंही तेच. कुणाला चिखल नको, कुणाला मातीच्या पट्ट्यावर गाडी लावायची.

काल दुपारी पाऊस कोसळला, तो अजून थांबलेला नाही. सगळ्या घरांचं पाणी एकदमच धावलं. गटार तुंबलं आणि पाणी उलटं फिरून ताईच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. बाळाची गादी जमिनीवरच होती. ताईने झोपलेलं बाळ उचललं, तशीच बाहेर आली आणि एका हाताने मला डावीकडे ओढलं.

"अगं, माझ्या चपला!" मावशी जिन्यातून म्हणाल्या.

"मावशी, चपला धुता येतात हो. याची गादी भिजली, बघा."

मावशी खाली उतरल्या, वीट शोधून माझ्या बगलेत घट्ट ठोकली. मग म्हणाल्या, "दे त्याला माझ्याकडे. वरती कोरडं आहे."

मी आता मातीकडे बघतोय. माती पितेय. पण पाणी उंबऱ्यावरून हटेना. मी तर सरळ वागतोय, मग हे पाणी कुणाचं? शेजारच्यांचं. त्यांची तोंडं अजून फरशीकडेच आहेत. आभाळही भरलेलंच आहे, आणि बाळाला काही कायम मावशींकडे झोपवता यायचं नाही.

मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. तेवढं पुढच्या दारी सांगा, आणि त्यांना त्यांच्या पुढच्या दारी सांगायला सांगा: आधी बाहेर जाऊन बघा, आपल्या बेंडाचं तोंड कुणीकडे आहे.