कस्तुराबाईंचा पाय आणि माझं नाक

मित्रांनो, मी एक जुना गावठी कुत्रा आहे. नाव टिप्या. उमरीच्या बाजारात भाजीच्या गाड्याखाली जन्मलो. तिथून शेषेरावांनी मला पिशवीत घालून आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या घरी, आणलं. नऊ वर्षं मी त्यांच्या शेतातली रानडुकरं हाकलली. कौतुकही झालं, खोटं कशाला बोलू!

पण माणसांना आमचं वागणं कळेल तर शपथ! निजण्याआधी मी गोल फिरलो, तर म्हणे डोकं फिरलं. अहो, गवत दाबून जागा करायची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती. भिंतीवर भुंकलो, तर म्हणे भूत दिसलं. भिंतीत उंदीर होता! अँब्युलन्स गेली आणि मी सूर लावला, तर गावभर बोंब, कुत्रं रडलं, आता कुणीतरी जाणार. लांबून तसा आवाज आला की आम्ही उत्तर देतो, एवढंच.

गेल्या महिन्यात मी शेषेरावांच्या बायकोचा, कस्तुराबाईंचा, डावा पाय सोडेना. त्यांना शुगर आहे. मी तळवा हुंगायचो, चाटायचो, चप्पल घालू द्यायचो नाही.

"लई वैताग आणलाय ह्यानं. वरून रडून राहिलंय. माझ्यावरच टपलंय मेलं!" त्या म्हणाल्या.

शेषेरावांनी पोतं काढलं. "आत्ताच नांदेडच्या पल्याड सोडून येतो."

पोत्यात जाईल तो टिप्या कसला! मी निसटलो आणि सरळ त्या पायाशी जाऊन बसलो. पाठीवर काठी बसली. हललो नाही. दुसरी बसली. तरी नाही.

सून शिल्पानं काठी धरली. "थांबा मामा. हे एकाच पायाला का लागून राहिलंय?" तिनं तळवा वर करून बघितला. बाभळीचा काटा आत मोडलेला, भोवती पू. "आत्या, दुखत न्हाई का?"

"न्हाई गं. काहीच कळंना."

शुगरनं पाय बधिर झाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी काटा काढला. म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर पाय कापावा लागला असता.

आता नवीनच टूम निघाली, टिप्यात देव आलाय! शेजारच्या शेतातली केवळाबाई हळदकुंकू घेऊन आली, तेव्हा मी चांगलाच गुरगुरलो. मला भूत दिसलं नव्हतं आणि माझ्यात देवही आलेला नाही. मला पूचा वास आला, बस!

मित्रांनो, कुत्रं विचित्र वागलं तर त्याला हाकलू नका, ओवाळूही नका. ते कुठं नाक लावतंय ते आधी बघा. दुखणं त्याचंच असेल तर जनावरांच्या दवाखान्यात न्या. एवढं सांगूनही पटत नसेल, तर खुशाल उचला काठी. मी पायापासून हलणार नाही.