दोरी पूर्ण सोडा

मी एक जुना ओळंबा आहे. हल्ली मला कोणी विचारत नाही, म्हणून आधी ओळख करून देतो. पितळेचा जाडजूड गोळा, त्याला दोरी आणि दोरीच्या वरच्या टोकाला माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला अलगद टेकलो, तर भिंत सरळ. दूर लोंबलो, तर भिंत वरून पुढे झुकलेली. मित्रांनो, एवढंच माझं शिक्षण. पण त्यात मी आजवर एकदाही नापास झालेलो नाही.

चाळीस वर्षं मी एका गवंड्याच्या कमरेला होतो. माझा मिस्त्री अबोल माणूस. एकदा दवाखान्याची भिंत बोटभर बाहेर आली. मालक म्हणाला, "चालतंय हो, गिलाव्यात झाकून जाईल." मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि विटांचे सात थर उतरवायला लावले. त्या दिवशीची मजुरी गेली, पण भिंत अजून ताठ उभी आहे. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मिस्त्री गेला आणि मी त्याच्या मुलीकडे आलो. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. नाहीतर ती रांगत होती तेव्हापासून आमची ओळख. तीस वर्षं रुग्णालयात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने माझं काय केलं असेल? कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवलं! ज्याने भिंती उभ्या केल्या, त्याने आता कागद दाबायचे.

तेही कसले कागद? विकाऊ घरांचे. दर रविवारी सकाळी चष्मेवाल्या काकांच्या दुकानामागच्या खोलीत, काका आणि ताई धरून, पाच जण जमायचे. घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरायचा नाही, हा पाचही जणांचा बेत. ताई निवृत्तीची सगळी पुंजी घेऊन आली होती. ती एकदाच मिळते, गेली की गेली. भाडेकरू गेला तर घर किती दिवस रिकामं राहील? गच्ची गळली तर खर्च कोणाचा? असे प्रश्न निघायचे, आणि उत्तरं द्यायचा एकच गृहस्थ. त्याला सगळे 'शंभरटक्के' म्हणत. भाडं मिळेल? शंभर टक्के. भाव वाढेल? शंभर टक्के! मी तिथल्या टेबलावर, कागदांवर बसून नुसता धुमसायचो.

एके दिवशी त्याने कापडाच्या दुकानावरचा अख्खा मजला शोधून काढला. स्वस्त, पाच जणांत पाच वाटे. चौघांनी तिथल्या तिथे बयाणा दिला. ताईने सांगितलं, "आधी बघते, मग देते." निघताना घाईघाईत तिने कागदांबरोबर मलाही पिशवीत कोंबलं. ती चूक मला फार आवडते.

पाचही जण तिथे पोचले. मजला ताज्या रंगाने चकचकत होता. कागद काढताना मी तिच्या हाताला लागलो. ती हसली. "बाबा असते तर आधी हाच काढला असता," म्हणाली आणि स्टुलावर चढून तिने मला मधल्या भिंतीवर सोडलं.

मी भिंतीपासून चांगला दोन बोटं दूर लोंबलो.

"ओळंबा जुना झालाय, ताई. तो वाकडा लोंबतोय," शंभरटक्के म्हणाला.

ऐकलंत? वाकडा! आणि मी! अहो, पृथ्वी मला जिकडे ओढते तिकडे मी जातो. मला वाकडं लोंबायचं म्हटलं तरी जमणार नाही. रागाने थरथरलो असतो, पण मग म्हणाले असते, बघा, हलतोय. म्हणून दातओठ खाऊन स्थिर राहिलो. मला दात नाहीत, हे मला माहीत आहे.

मग त्याने युक्ती काढली. "दोरी आखूड धरा की!" त्याने मला वितभर दोरीवर धरलं. वितभरात भिंत झुकून झुकून किती झुकणार? मी जवळजवळ टेकलो. "बघा, सरळ!" सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खजील झालो तो मी एकटा.

ताईने मला परत घेतलं, दोरी पूर्ण सोडली. पुन्हा दोन बोटं. मग ती जिना उतरली, कारण भिंत झुकली की मिस्त्री नेहमी खाली जाऊन बघायचा. कापडवाला कौतुकाने सांगू लागला, "मधली भिंतच काढून टाकली हो! दुकान केवढं मोठं झालं बघा!" बरोबर त्याच भिंतीखालची, म्हणजे तिचा आधारच गेलेला.

ती वर आली. "मी नाही."

चष्मेवाले काका काकुळतीला आले. "ताई, तुम्ही मागे सरलात तर सौदा मोडेल, आमचे बयाणे बुडतील. आपण सगळे एक ना?"

"म्हणूनच सांगते, काका. तुम्हीही घेऊ नका."

"एका लोंबत्या गोळ्यापायी?" शंभरटक्के ओरडला.

"हो. त्याच्यापायीच."

पुढचे चार रविवार ताई घरीच बसली. एकाचाही फोन नाही. त्या खोलीशिवाय तिला दुसरी सोबत नव्हती, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. पण मी पुन्हा तिथेच लोंबेन, दोन बोटं दूर. हवं तर मला वितळवा.

पाचव्या रविवारी काका दारात उभे. मान खाली. "बयाणा सोडला मी. दुसरं एक घर बघतोय... जरा ओळंबा मिळेल का?"

"नाही मिळणार," ताई चप्पल घालत म्हणाली. "मीपण येते."

तर मित्रांनो, मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवू नका. मला कामाला लावा. मी सांगितलेलं कडू लागलं तर खुशाल रागवा, मी ऐकून घेईन. पण त्या दुसऱ्या घरात काकांनी शंभरटक्केसारखंच मला वितभर दोरीवर धरलं, तेव्हा ताई जे म्हणाली, तेच तुम्हालाही सांगतो.

"काका, दोरी पूर्ण सोडा."