कुणाच्या टोकाचं कडं

सोमवारी सकाळी ओरोजबेक वीज खात्याच्या गोदामाच्या खिडकीशी चहा पीत उभा होता, तेव्हा जिपारा आत केबलच्या कड्यांच्या पेटीत हात घालून काहीतरी शोधताना त्याला दिसली. ती नुसती शोधत नव्हती, मधूनमधून दाराकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या कामाच्या जागी माणूस दाराकडे कशाला बघेल? मग तिने दोन काळ्या वस्तू कोटाच्या खिशात कोंबल्या, पेटीचं झाकण लावलं आणि हात झटकत बाहेर पडली. तिथून ओरोजबेकच्या डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो शुक्रवारपर्यंत काही थांबला नाही.

कारणही तसंच होतं. शनिवारी गावच्या बॉयलरघराची केबल जळाली होती. बाहेर उणे बावीस. पंप बंद पडले, बालवाडीतले नळ गोठून फुटले, भिंतींवर बर्फ चढला आणि नव्वद पोरं आईबापांच्या अंगावर घरी परत गेली. केबल जिथे जळाली तिथे जोड होता, आणि तो जोड ऑक्टोबरात ओरोजबेक आणि जिपारा या दोघांनी मिळून केलेला होता. नेहमीसारखं एकेक टोक वाटून घेतलेलं. नदीकडचं टोक त्याचं, डोंगराकडचं तिचं. दोघं खड्ड्यात समोरासमोर बसून आपापल्या टोकाचं वरचं आवरण सोलत मधल्या जागी भेटले होते.

गोठलेली माती कुदळीला दाद देईना, म्हणून जळका जोड यंत्र लावून उपटला आणि बर्फावर फेकला. कुणाही शहाण्याला सुचलं नाही की आधी खडूने एक रेघ मारून ठेवावी, नदी इकडे, डोंगर तिकडे. जोड उघडून बघतात तर एका टोकाला आत गोल ओरखडा. आवरण कापताना पातं खोल गेलं होतं, तांब्याच्या तारांची जाळी चिरून आतल्या पांढऱ्या थराला लागलं होतं. त्या केसाएवढ्या चिरेतून पाणी शिरलं आणि पाच महिन्यांनी भडका उडाला.

हा ओरखडा नदीकडचा की डोंगराकडचा? सगळं तिथे अडलं होतं. शुक्रवारी मुख्य अभियंता चिनाली असानोविच बैठक घेणार होते आणि ज्याचं टोक निघेल त्याचं जोडकामाचं ओळखपत्र, म्हणजे केबलला हात लावायचा परवानाच, जाणार होतं.

ओरोजबेकला निवृत्तीला दहा महिने उरले होते. ओळखपत्र गेलं असतं तर उरलेले दहा महिने फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. पण ते एक वेळ चाललं असतं हो. एकतीस वर्षांत त्याचा एकही जोड जळाला नव्हता, हे त्याचं खरं धन होतं. लग्नात, बारशात, कुठेही चार माणसं बसली की कुणीतरी म्हणायचंच, "ओरोजबेकचा जोड म्हणजे मेल्यावरही टिकेल." तो हात हलवून नको नको म्हणायचा आणि आतून फुलायचा.

त्यामुळे त्याच्या मनात शंकाच नव्हती. टोक जिपाराचं. दोन वर्षांपूर्वी ओश शहरातून आलेली ही बाई, नवरा रशियात जाऊन बेपत्ता, घरी म्हातारी आई आणि एक मुलगी. काम बरं करायची, पण भित्री. प्रत्येक केबलचा तुकडा घेऊन आधी त्यावर पातं फिरवून बघायची, मग पात्याच्या खोलीचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. ओरोजबेक तिला चिडवायचा, "काय गं, तुझी रोजच परीक्षा असते वाटतं? माझ्या हाताला कळतं किती खोल जायचं ते." ती हसायची आणि म्हणायची, "तुमच्या हाताला कळतं बाइके, माझ्या हाताला अजून शिकवतेय." बाइके म्हणजे थोरला भाऊ. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात.

आणि पेटी? ती तर ओरोजबेकनेच सुरू केलेली रीत. जोड करताना आवरणाचं जे पहिलं कडं कापून निघतं ते फेकायचं नाही. त्यावर खिळ्याने आपल्या नावाचं अक्षर आणि तारीख कोरायची आणि पेटीत टाकायचं, वर्षभर राहू द्यायचं. कारण कडं खोटं बोलत नाही. पात्याने आवरण कधी आरपार कापायचं नसतं. पाऊण जाडी कापायची, मग केबल जरा वाकवायची, उरलेलं आपोआप फाटतं. म्हणून चांगल्या कड्याच्या आतल्या काठाला फाटल्याची खरखर लागते. आतपर्यंत गुळगुळीत काठ लागला तर समजायचं, पातं खोल गेलंय.

सोमवारी दुपारी चिनाली असानोविचनी पेटी टेबलावर ओतायला लावली. एकशे चार कडी निघाली. बॉयलरघराच्या जोडाचं एकही नव्हतं.

"दोन्ही गायब?" त्यांनी विचारलं.

गोदामवाला तोकोन म्हणाला, "माझ्याकडे किल्ली आहे, पण मी कड्यांचं काय लोणचं घालू?"

ओरोजबेकने जिपाराकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "उंदरांनी नेली असतील," ती म्हणाली.

"उंदरांनी! आणि बरोबर हीच दोन? अक्षर वाचून?"

"मग मला काय माहीत, बाइके."

"तुला नाही माहीत तर कुणाला? ओशमध्ये हेच शिकवतात का, चुकायचं आणि वर पुरावा पोटात घालायचा?"

सगळे ऐकत होते. जिपाराच्या मानेवर लाल डाग चढले. ती काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलंही होतं, पण मग तिने ते मिटलं, पिशवी उचलली आणि निघून गेली. झालं! ओरोजबेकला आणखी काय हवं होतं? खरा माणूस भांडतो. जो गप्प बसतो त्याच्या पोटात काळं असतं.

सकाळी पाहिलेलं त्याने त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. तिला आणखी पकडायचं होतं. मंगळवारी त्याने बघितलं, तिने आपल्या कपाटाला नवं कुलूप लावलंय. बुधवारी ती जेवायला सगळ्यांबरोबर बसली नाही, तळलेल्या पिठाचे चार गोळे घेऊन कपाटापाशीच उभ्याने खाल्ले. दोनदा तिने त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. एकदा फाटकाशी, "बाइके, पाच मिनिटं द्याल का, एकांतात?" तो म्हणाला, "शुक्रवारी सगळ्यांपुढे बोल. मला एकट्याला गुंडाळता येणार नाही." दुसऱ्यांदा तिने त्याच्या टेबलावर चहाचा पेला आणून ठेवला. त्याने तो तसाच थंड होऊ दिला.

घरी त्याची बायको बुरुल म्हणाली, "अहो, त्या पोरीने तुमच्यासाठी कितीदा खड्ड्यात रात्र काढली असेल. विचारून तरी बघा."

"चोराला काय विचारायचं?"

"काय चोरलं तिने, रबराचा तुकडा?"

"माझं नाव चोरतेय ती! माझं!" तो इतका ओरडला की बुरुलने ताट आपटून ठेवलं.

गुरुवारी त्याने चिनाली असानोविचना पत्र लिहून दिलं. सोमवारी सकाळी काय पाहिलं ते सगळं, दोन काळ्या वस्तू, दाराकडे बघणं, खिसा, नवं कुलूप. शेवटी लिहिलं, "जी व्यक्ती कडं लपवते तिच्या हाती हत्यार देणं धोक्याचं आहे." ते वाक्य त्याला चांगलं जमलंय असं वाटलं. त्याने ते दोनदा वाचून बघितलं.

शुक्रवारी अकराला जिपाराला आधी आत बोलावलं. ओरोजबेकला वाट बघायला सांगितलं. तो बाहेरच्या खोलीत बसला, उठला, परत बसला. कपाटं समोरच होती. आत आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. आणि त्याला वाटलं, ही बाई आत रडून, मुलीचं नाव घेऊन, चिनाली असानोविचना पाघळवणार. ते मुळात मऊ माणूस. कडी समोर ठेवली की सगळं एका मिनिटात मिटेल. त्याने खिशातला मोठा स्क्रूड्रायव्हर काढला, कुलपाच्या कडीत घातला आणि दाब दिला. पातळ पत्रा होता. स्क्रूच निघून आले.

वरच्या फळीवर, बायकी रुमालात गुंडाळलेली, दोन कडी.

"सापडलीस," तो मोठ्याने म्हणाला.

पहिल्या कड्यावर जिपाराचं अक्षर. त्याने अंगठा आतल्या काठावरून फिरवला. खरखर लागली. त्याने परत फिरवला. सगळीकडे खरखर, अगदी एकसारखी, शिकवायला ठेवावी अशी.

दुसऱ्यावर त्याचं अक्षर. त्याच्याच हातचं, शेपटी लांब काढलेलं. अंगठा काठावरून गेला आणि कुठेही अडला नाही. लोण्यातून सुरी जावी तसा काठ, आतपर्यंत. आणि आतल्या बाजूला तांब्याची एक तार, नखाएवढी, रबराला चिकटून राहिलेली.

ओरोजबेक कडी मांडीवर घेऊन बाकावर बसला.

ऑक्टोबर त्याला आठवला, सगळाच्या सगळा. केबलचं नवं रीळ आलं होतं, दुसऱ्या कारखान्याचं. तोकोन म्हणाला होता, "याचं आवरण जरा पातळ आहे म्हणे." ओरोजबेक म्हणाला होता, "असू दे, केबल ती केबल." पात्याची खोली जुन्या रिळासाठी लावलेली तशीच होती. हत्यार अंगठ्याशी धरून त्याने फिरवलं आणि ते इतकं सहज फिरलं की त्याला बरं वाटलं होतं. अंगठ्याचा सांधा वर्षभर दुखत होता, जोर लावला की डोळ्यांत पाणी यायचं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जोर लावावाच लागला नाही. समोर बसलेली जिपारा नव्या केबलच्या तुकड्यावर पातं फिरवत होती, आणि तो तिला हसला होता. पाच दिवस तो ज्याला शोधत होता तो माणूस त्याच्याच कोटात बसून चहा पीत होता!

दार उघडलं. जिपारा बाहेर आली. तिने निखळलेलं कुलूप बघितलं, मग त्याच्या मांडीवरची कडी.

"कपाट फोडलंत, बाइके?"

"का लपवलंस?" तो म्हणाला. "दाखवायचंस ना! सोमवारीच!"

"सोमवारी तुम्हाला एकट्याला दाखवायला म्हणूनच काढली होती. सगळ्यांच्या टेबलावर पडायच्या आधी. दुपारी तुम्ही मला सगळ्यांपुढे ओशचं शिक्षण काढलंत. मग मलाही राग आला. म्हटलं, बघू तरी हा माणूस कुठवर जातो." ती दाराला टेकली. "तरी दोनदा आले तुमच्याकडे."

"आत काय सांगितलंस?"

"डोंगराकडचं टोक माझं, आणि ओरखडा त्याच टोकाला, असं. सही करून आले. आपणहून कबूल केलं म्हणून सहाच महिने ओळखपत्र नाही."

"वेड लागलंय का तुला?"

"वेड कसलं? मी तुमचं कडं पुढे केलं असतं तर उद्या गावभर झालं असतं, बाहेरून आलेल्या बाईने दहा महिने उरलेल्या उस्तादाला संपवलं. मग मला इथे कोण खड्ड्यात उतरू देणार होतं? सहा महिने जातील. तो बोल कधी गेला नसता." ती पुढे झाली आणि हात पसरला. "द्या ते. शेगडीत टाकते. रबराचा वास येईल जरा, तोकोन शिव्या देईल, बाकी काही नाही."

शेगडी कोपऱ्यात लाल होती. ओरोजबेकला टाकायचं होतं. खोटं कशाला सांगा, त्याला मनापासून टाकायचं होतं. बुरुल, गाव, लग्नांतली ती वाक्यं, सगळं त्या शेगडीत वाचणार होतं. त्याने कडं हातात घट्ट धरलं, उठला, आणि तिच्या पसरलेल्या हाताच्या बाजूने आत गेला.

चिनाली असानोविच कागद फाईलला लावत होते. "ओरोजबेक-बाइके, या. झालं सगळं. तुम्ही आता निश्चिंत राहा."

त्याने दोन्ही कडी त्यांच्यापुढे ठेवली. "अंगठा फिरवा," तो म्हणाला.

त्यांनी फिरवला. एकावर, मग दुसऱ्यावर. मग चष्मा लावून अक्षर वाचलं.

"नदीकडचं टोक माझं," ओरोजबेक म्हणाला. "तिचा कागद फाडा. माझं पत्रही फाडा." त्याने छातीच्या खिशातून ओळखपत्र काढलं. एकतीस वर्षांत तीनदा नवं करून घेतलेलं, कोपरे झिजलेले. ते त्याने कड्यांशेजारी ठेवलं.

बाहेर जिपारा कपाटाच्या निघालेल्या पट्ट्या सरळ करत बसली होती. सगळं ऐकू आलं होतं तिला. ती रडत नव्हती, आनंदलेलीही दिसत नव्हती.

"माफी मागा असं नाही म्हणणार तू," तो म्हणाला, "म्हणून मीच मागतो."

"ते राहू द्या." तिने पट्टी खाली ठेवली. "एक सांगा, बाइके. पाच दिवस. दोन टोकं होती, एक माझं, एक तुमचं. एकदा तरी मनात आलं का, की तुमचं असेल?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"नाही," ओरोजबेक म्हणाला. "एकदाही नाही."