नेटवर्कमध्ये राहा

पारस डबा घेऊन कँटीनच्या टेबलाशी आला तसा त्याच्या हाताखालच्या पृथ्वीराजने मोबाईल पालथा ठेवला. हसू मात्र कुणालाच आवरत नव्हतं.

"दाखवा की. आमालाबी हसू द्या जरा," पारस म्हणाला.

सांगलीतल्या त्या खत कंपनीच्या ऑफिसात पारस विक्री विभागाचा मॅनेजर होता. आवाज न चढवणारा, कुणाचा वाढदिवस न विसरणारा. आपण माणसं धरून राहतो, असं तो स्वतःबद्दल समजून होता. पृथ्वीराजने बाकीच्यांकडं एकदा पाहिलं आणि मोबाईल पुढं सरकवला.

गाण्याचा व्हिडिओ होता. टाय लावलेली पोरं डोक्यावर फायली घेऊन फेर धरत होती. 'कुटुंब आमचं मोठं गं बाई, रविवारची सुट्टी न्हाई.' मधोमध एक मॅनेजर. साहेब शिंकले की हा टाळ्या वाजवायचा. साहेबांनी मान हलवायच्या आधी याची हलायची. पारस खळखळून हसला.

मग एक पोरगी आली. "सर, वडील आयसीयूत आहेत." मॅनेजरने स्वतःच्या रुमालाने तिचे डोळे पुसले आणि तिच्या हातात लॅपटॉप ठेवला. "काळजी घे. फक्त नेटवर्कमध्ये राहा." पुढं तिरडी चालली होती आणि तिच्यामागं ती पोरगी लॅपटॉप उघडून मीटिंग करत निघाली होती. खांदेकरी ठेक्यात पावलं टाकत होते.

टेबलाशी आता कुणी हसत नव्हतं. सगळे पारसकडं बघत होते.

ती पोरगी क्रांती होती. गेल्या वर्षीपर्यंत ती पारसच्याच हाताखाली होती. वडील गेल्यावर महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. आणि ते वाक्य पारसचं होतं. शब्द न् शब्द. तेव्हा ते बोलताना त्याला वाटलं होतं, दुसऱ्या कुणी सुट्टीच दिली नसती.

"छान केलंय," असं काहीतरी तो म्हणाला आणि डबा न खाताच उठला.

घरी त्यानं पद्मावतीला विचारलं, "तू बघितलायस तो व्हिडिओ?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "रविवारीच बघितला. सुंदरीनं दाखवला." सुंदरी त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलणार? बापासारखं दिसतंय म्हणून?"

"मी खरंच असा बोलतो?"

"घरात न्हाई बोलत," पद्मावती म्हणाली. "घरात तुमी बोलताच कुठं."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या साहेबांचा फोन आला. कंपनीचं नाव नसलं तरी लोक ओळखतायत, ती मुलगी तुमच्याच हाताखाली होती, तुमचं ऐकेल, व्हिडिओ काढून टाकायला लावा. पारस "होय सर" म्हणाला आणि फोन ठेवल्यावरही त्याची मान हलत राहिली. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं केबिनचं दार लावून घेतलं.

क्रांतीचं घर कराडच्या अलीकडं, हायवेपासून आत उसाच्या रानात होतं. दार तिच्या आईनं, मनुबाईंनी उघडलं. पारसनं आपलं आणि ऑफिसचं नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"या, या. क्रांती येईलच आता. बरं झालं आला. ह्यांच्या येळला हापिसातलं कुणी न्हवतं आलं. मी म्हणायची पोरीला, येतील गं, कामाची मानसं हायती."

त्यांनी त्याला भिंतीवरच्या फोटोसमोर बसवलं. क्रांतीचे वडील, हवालदार हंबीरराव, लष्करी टोपीत. मनुबाई दवाखान्यातले दिवस सांगू लागल्या. त्यांना वाटत होतं, तो उशिरा का होईना, भेटायला आलाय. पारस ऐकत राहिला. आपण कशासाठी आलोय ते मध्येच सांगावं असं त्याला वाटलं, पण मनुबाई पदरानं डोळे टिपत होत्या.

"तुमी जैन न्हवं?" त्यांनी उठता उठता विचारलं. "कांदा-लसणाबिगर पिठलं टाकते. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

त्या आत गेल्या आणि क्रांती आली. त्याला बघून दारातच थबकली. मग खुर्ची ओढून बसली.

"व्हिडिओसाठी आला न्हवं, सर?"

पारसनं मान खाली घातली. "हो. साहेबांनी पाठवलं."

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू." तिचा आवाज शांत होता. "खरं तर तिरडीमागं मीटिंग केली न्हवती मी. दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. तुमी महिन्याचे आकडे विचारत होता. आत आले तवा पप्पा गेले होते."

पारसला तो कॉल आठवला. मागं कुणीतरी रडत होतं आणि त्यानं तिला माईक बंद करायला सांगितलं होतं.

"तसंच दाखवलं असतं तर कुणी बघितलं नसतं," क्रांती म्हणाली. "म्हणून नाचायचं गाणं केलं."

"क्रांती, मी..."

त्याचा फोन वाजला. साहेब होते. क्रांती उठून जायला निघाली, त्यानं हातानं तिला थांबवलं.

"बोला सर. हो, तिच्या घरीच आहे. नाही सर, मी विचारलं नाही. विचारणारही नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. पारसचे कान लाल झाले होते. "तुम्हाला काय करायचं ते करा," तो शेवटी पुटपुटला. पलीकडं ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. फोन आधीच बंद झाला होता.

क्रांती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मनुबाईंनी फोटोखालीच ताट मांडलं. भाकरी, पिठलं, बाजूला शेंगदाण्याची चटणी.

"चटणीतबी लसूण न्हाई," त्या म्हणाल्या. "आताच कुटली."

पारस मान वर न करता खात राहिला. मनुबाई समोर बसून ताटाकडं बघत होत्या. भाकरी संपत आली तशी त्यांनी न विचारता दुसरी वाढली.

"सावकाश जेवा," त्या म्हणाल्या. "लय लांबनं आलाय."