पाण्यात पडलेलं हरीण

लकव्यानं अब्बांचं उजवं अंग लुळं पडलं आणि त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. ताट समोर आलं की ते तोंड फिरवायचे. थोरली लेक कारखान्यातून यायची, लेथ मशीनवर काळे झालेले हात घासून धुवायची आणि त्यांच्यापुढे घास धरून बसायची. असंच एकदा ते म्हणाले, हरणाचं मटण खाऊन जमाना झाला. एवढंच. पण थोरलीनं ते मनावर घेतलं.

तरुणपणी अब्बा पक्के शिकारी. थोरलीला नेम धरायला त्यांनीच शिकवलं होतं, पण पुठ्ठ्याच्या चकतीवर. जिवंत जनावरावर तिनं कधी गोळी झाडली नव्हती. आता बंदूक तिच्या नावावर होती. त्या मुलखात हरणाच्या शिकारीला बंदी नव्हती; मोसमात माणशी एका हरणाचा परवाना मिळायचा, तो तिनं काढला.

अब्बांचे धाकटे भाऊ, म्हणजे चाचा, शेजारच्याच खोलीत राहायचे. त्यांनी लगेच मोडता घातला. जंगली जनावर हराम, गोळीनं मेलेलं तर मुरदाड, मेल्या ढोरासारखंच, आणि बाईच्या हातची सुरी चालते हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. चाचांनी उभ्या जन्मात बरंच काही ऐकलं नव्हतं, मत मात्र सगळ्यावर होतं. थोरली वाद घालत बसली नाही. ती सरळ मौलवीसाहेबांकडे गेली.

मौलवीसाहेबांनी एकेक धागा सुटा करून दाखवला. सुळ्यांनी फाडून खाणारं जनावर हराम. हरीण गवत खाणारं, ते हलाल. गोळी सोडताना बिस्मिल्लाह म्हणायचं. जनावर जिवंत सापडलं तर पुन्हा अल्लाहचं नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरवायची. नुसत्या गोळीनं जीव गेला, तर त्यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण आपल्याकडे ते खात नाहीत.

"आणि पाण्यात पडून मेलं, तर मुळीच नको," ते म्हणाले. "गोळीनं मेलं की बुडून, हे कोण सांगणार?"

बाईच्या हाताचं विचारल्यावर ते हसले. हात मुसलमानाचा आणि सुरी धारदार हवी; बाई की पुरुष, हा प्रश्नच नाही.

गाडी चाचांची, त्यामुळे शिकारीला चाचाही आले. वाटभर कुरकुर केली, मग मागच्या सीटवर घोरायला लागले. थोरली झुडपाआड बसून राहिली. उन्हं वर आली तेव्हा एक नर ओढ्याच्या काठी आला. तिनं नाव घेतलं आणि चाप ओढला. नर उसळला, दोन ढांगांत काठावरून खाली गेला आणि धपकन पाण्यात पडला. ती धावत सुटली, कमरेएवढ्या पाण्यात उतरली, शिंगं धरून त्याला वर ओढलं. श्वास नव्हता.

चाचा डोळे चोळत आले. एवढं भरलेलं जनावर बघून त्यांचा सगळा विरोध विरघळला. "इथं कोण बघतंय?" ते हळूच म्हणाले. "धुगधुगी होती म्हण. तुझ्या बापानं आठवडाभर धड खाल्लेलं नाही."

सुरी थोरलीच्या हातातच होती. पण ती म्हणाली, "अब्बा खातील ते माझ्या भरवशावर खातील, चाचा. हे मी त्यांच्या ताटात वाढणार नाही."

जंगलाच्या नाक्यावर वनरक्षकानं परवान्यावर शिक्का मारला. त्याला ते खायला अडचण नव्हती, म्हणून हरीण त्यालाच दिलं. आता पुढच्या मोसमापर्यंत दुसरं नाही. तोवर अब्बा असतील का, कोण जाणे.

घरी येऊन तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. अब्बा म्हणाले, "पाण्याच्या इतक्या जवळ गोळी कशाला झाडलीस?"

"दिसलं म्हणून."

"दिसलं म्हणून झाडायचं नसतं. मला उठवून बसव."

त्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. वारा कसा ओळखायचा, जनावराच्या किती जवळ जायचं, कुठल्या वेळी गोळी झाडायचीच नाही. बोलता बोलता दम लागायचा, म्हणून चार घास खायचे. पुढे चाराचे आठ झाले. सुरीला धार लावताना तर ते डाव्या अंगठ्यानं पातं तपासायचे आणि तीनतीनदा परत पाठवायचे.

मोसम आला तेव्हा अब्बा स्वतः गाडीत बसले. थोरलीनं एक मादी जाऊ दिली, कारण मागं डबकं होतं. दुसरं हरीण फार लांब होतं. तिसरं मोकळ्या माळावर चरत होतं. ती पोटावर सरकत पुढं गेली, नाव घेतलं, गोळी झाडली आणि बंदूक खाली टाकून धावली. हरीण पडलं होतं, पण बरगड्या हलत होत्या. तिनं गुडघा टेकला, पुन्हा नाव घेतलं आणि एका दमात सुरी फिरवली.

ती गाडीपाशी आली तेव्हा अब्बांनी काच खाली केली होती.

"जिवंत होतं?"

"होतं. नाव दोन्ही वेळा घेतलं."

त्यांनी मान हलवली आणि चाचांना खांद्याचा आधार द्यायला सांगितलं. गाडीतूनच बघा, असं चाचा म्हणत होते, तोवर अब्बांचा एक पाय बाहेर आला होता. पाय ओढत, थांबत थांबत ते माळावरून हरणाकडे निघाले आणि थोरली वाट दाखवत पुढं चालू लागली.